ओल्या रंगात परत हात

नाना,

काल दुपारी मी अकरा माणसांसमोर माझा उजवा हात टेबलावर ठेवला, तो थरथरत राहिला, आणि मी तो पदराखाली घेतला नाही. खरं तर एवढंच सांगायला बसले आहे. पण तुम्हाला जाऊन पंचेचाळीस वर्षं झाली, मधलं काहीच तुम्हाला ठाऊक नाही. नुसतं एवढं सांगितलं तर तुम्ही चष्म्याच्या वरून बघाल आणि म्हणाल, "बरं, मग?" तेव्हा सावकाश सांगते. मी आता एकोणसत्तर वर्षांची आहे, म्हणजे तुमच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी झाले. दिल्लीतच, मयूर विहारला राहते, सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर. तुमच्या वेळी यमुनेच्या या बाजूला भाजीची शेतं होती आणि तुम्ही म्हणायचात, तिकडे राहायला कोण जाणार, पुरात वाहून जायला? तर तिकडेच येऊन आम्हाला तीस वर्षं झाली, अजून वाहून गेलेलो नाही. हे जाऊन सहा वर्षं झाली. मुलगी नोएडात नोकरी करते, गाझियाबादला राहते, रविवारी येते आणि आल्या आल्या माझा फ्रिज तपासते.

रविवार म्हटलं की मला मात्र अजून आपल्या सरकारी क्वार्टरचं स्वयंपाकघर दिसतं. तुम्ही नकाशाघरात ड्राफ्ट्समन. आठवडाभर ऑफिसात पूल, कालवे, पंपघरं शाईत उतरवायची, आणि काम घाईचं असलं की एखादा कागद गुंडाळून रंग भरायला घरी आणायचा. बाहेरच्या खोलीत आम्ही भावंडं धुडगूस घालत असायचो, म्हणून तुम्ही स्वयंपाकघरात खिडकीखालच्या टेबलावर बोर्ड मांडायचात. बोर्ड जरा उतरता हवा असायचा, म्हणून त्याच्या वरच्या कडेखाली आईचा पोळपाट सरकवायचात. आई कणीक मळून हात झटकत उभी. "अहो, आता पोळ्या कशावर लाटू? तुमच्या पुलावर?" तुम्ही मान वर न करता म्हणायचात, "पाच मिनिटं." ती पाच मिनिटं कधी पाऊण तासाच्या आत संपलेली मला आठवत नाहीत.

मी कोपरं टेबलावर टेकवून बघते आहे. तुम्ही चिनी मातीच्या बशीत निळा रंग कालवता, एकदम भरपूर, कारण मध्येच संपला तर पुन्हा तोच निळा जमत नाही. भरलेला ब्रश कागदाच्या वरच्या कडेने डावीकडून उजवीकडे एकदाच नेता. खालच्या काठाशी रंगाची एक लांब, फुगीर धार जमते. तिला तुम्ही सुकू देत नाही. दुसरा पट्टा त्या धारेला धरूनच ओढता, धार खाली उतरते, तिसऱ्या पट्ट्याला आणखी खाली, आणि कालवा वरपासून खालपर्यंत एकसारखा निळा होत जातो, जसा काही मुळातच निळा कागद होता. तळाशी पोहोचलात की ब्रश फडक्यावर टिपून त्याच्या टोकाने उरलेली धार शोषून घेता. मग हात मागे. मग कागदाकडे बघायचंसुद्धा नाही. आई तेवढ्यात पोळपाट ओढायला बघते आणि तुम्ही "अगं, अगं!" म्हणून बोर्डावर आडवे होता. घरात तुम्ही एरवी कधी आवाज चढवत नव्हता, पण त्या एका पोळपाटावरून तुमचं दोघांचं दर रविवारी वाजायचं.

मी बारा वर्षांची असताना एका रविवारी तुम्ही ब्रश माझ्या हातात दिलात. "ये, नदी तू भर." नाना, मला तेव्हा शाळेत पहिला नंबर आल्यासारखं झालं होतं. मी धार धरली, पट्टा ओढला, खाली उतरले, आणि तळापर्यंत सगळं नीट केलं. तुम्ही "वा" म्हणालात आणि हात धुवायला मोरीवर गेलात. मागे मी एकटी आणि माझी नदी. वरच्या बाजूला मला एक जागा जरा फिकी वाटली. एवढीशी. मी ब्रश परत पाण्यात बुडवला, रंग घेतला आणि त्या जागी टेकवला. कागद तेव्हा ना धड ओला होता ना धड कोरडा. टेकवल्या टेकवल्या ते पाणी आजूबाजूचा रंग ढकलत पसरायला लागलं आणि माझ्या डोळ्यांदेखत नदीच्या मधोमध फुलकोबीच्या गड्ड्यासारखा एक पांढुरका, कातरलेल्या कडांचा डाग फुलून आला. मी घाबरून तो पुसायला गेले, तो आणखी मोठा झाला. तुम्ही टॉवेलला हात पुसत आलात. ओरडला नाहीत. कागदाकडे बघितलंत, माझ्याकडे बघितलंत. "काऊन हात घातला परत? ओल्यात परत जायचं नसतं. ज्याला थांबता येत नाही त्याचं हे काम नाही, पोरी. जा, आईला मदत कर." तो अख्खा नकाशा तुम्हाला दुसऱ्या दिवशी ऑफिसात पहिल्यापासून करावा लागला, हे मला आईकडून कळलं. तुम्ही पुन्हा कधी तो विषय काढला नाहीत, आणि पुन्हा कधी ब्रशही दिला नाहीत.

मी त्या वाक्यावरून पुढची छप्पन्न वर्षं चालवली म्हटलं तरी चालेल. शाळेत चित्रकलेच्या तासाला नुसती पेन्सिल वापरायची. दारात रांगोळी काढायची वेळ आली की ठिपके मी मांडून द्यायची आणि रंग बहिणीला भरायला सांगायची. नोकरीसुद्धा टायपिस्टची धरली. तिथे बोट पडलं की अक्षर आपोआप सरळ उमटतं, आपल्या हाताची लायकी कुणाला दिसत नाही. चांगली टायपिस्ट होते हो मी, साहेब लोक माझ्याकडेच कागद पाठवायचे. तरी कुणी सहज म्हटलं, "तुमचे वडील ड्राफ्ट्समन ना? मग तुमचाही हात चांगला असेल," की मी म्हणायची, "छे, माझं ते काम नाही." बघा, वाक्यसुद्धा तुमचंच.

आणि एक दिवस आहे ज्याबद्दल मी कधी बोलले नाही. मी विशीत होते. तुम्ही सकाळी चष्मा घरी विसरून गेलात, म्हणून मी तो द्यायला तुमच्या ऑफिसात आले. तुमच्या बोर्डापाशी दुसराच कुणी तरुण माणूस वाकून शाई भरत होता. शिपायाने मला मागच्या बाजूला नेलं. तिथे गुंडाळलेल्या नकाशांची कपाटं, आणि कपाटांच्या मध्ये एका लहान टेबलाशी तुम्ही. समोर रजिस्टर, डावा हात रजिस्टरवर, उजवा पँटच्या खिशात. मला बघून तुम्ही हसलात. "इथे हवा चांगली आहे," म्हणालात. "तिथे फार उकडायचं." मी चष्मा पुढे केला. तुम्ही तो डाव्या हाताने घेतलात. त्याच्या आधी वर्षभर तुम्ही नागपूरच्या काकांना पत्र लिहायचं असलं की मला बसवायचात, म्हणायचात, चष्म्याचा नंबर बदलला आहे. चहा अर्धाच कप घ्यायचात. मला सगळं कळलं होतं, नाना. मी म्हटलं, "हो, हवा खरंच चांगली आहे," आणि बस पकडून घरी आले. रिटायर झालात आणि वर्षाच्या आत गेलात. ज्या हाताची नकाशाघरात उदाहरणं द्यायचे, तो हात तुम्ही शेवटची चार वर्षं कुणाला दाखवला नाहीत.

तोच हात दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे आला. आधी नुसता चमचा वाजायचा. मग आमटी वाढताना ताटाबाहेर पडायला लागली. मुलगी मला मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी माझ्याकडून कागदावर गोल काढून घेतला, पाण्याचा ग्लास उचलायला लावला, आणि सांगितलं की घाबरण्यासारखं काही नाही, हा कंप घराण्यातून येतो, ताण घेतला की वाढतो. "आपके परिवार में किसी को था?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "नहीं तो." का म्हटलं, देव जाणे. इतक्या वर्षांनंतरही मी तुमचा हात खिशातच ठेवला. डॉक्टर म्हणाले, मन शांत राहील असं काहीतरी करत जा. मी मात्र चारचौघांत कप धरावा लागू नये म्हणून सोसायटीत जिथे चहा असेल तिथे कडक उपास आहे असं सांगायला लागले. आठवड्यातून इतके उपास बघून समोरच्या फ्लॅटमधल्या भाभीजी एकदा म्हणाल्या, "बहनजी, आप किस-किस देवता को मना रही हैं?" त्या पंजाबी, शाळेतून रिटायर झालेल्या, आणि त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही.

पुढच्या रविवारी मुलगी येताना एक चपटी डबी घेऊन आली. बारा रंगांच्या वड्या, दोन ब्रश, जाड कागदाची वही. मी म्हटलं, "हे कुणाला?" म्हणाली, "तुला. वॉटरकलर. सगळे रिलॅक्स व्हायला करतात हल्ली." मी म्हटलं, "माझं ते काम नाही." "आई, यार, काम नाहीचे ते! एक्झाम पण नाहीये. पाणी घे, रंग घे, मजा कर. बिघडलं तर फाड." असं म्हणून ती फ्रिजमधलं शिळं दही घेऊन निघून गेली. फाड म्हणणं सोपं असतं. मी सकाळची वंदना आटोपून, टेबल पुसून, परीक्षेलाच बसावं तशी बसले. आणि काय केलं असेल? पट्टी काढली. पेन्सिलीला टोक केलं. समोरच्या इमारतीची बाह्यरेषा पट्टीने आखायला घेतली, आधी रेषा आणि मग तिच्या आत रंग, तुमच्यासारखं. पट्टी असून रेषा मुंगीच्या वाटेसारखी आली. रंग भरायला गेले तर तो रेषेबाहेर. चार दिवस रोज बसले आणि रोज मान अवघडून उठले, हात आधीपेक्षा जास्त थरथरायला लागला. पाचव्या दिवशी डबी रद्दीच्या गठ्ठ्याखाली सारली.

मग नोव्हेंबर आला. तुमच्या वेळच्या दिल्लीला नोव्हेंबरात रेषा होत्या, नाना. गच्चीवरून घुमट, मिनार, झाडं कशी कापून ठेवल्यासारखी दिसायची. आता नोव्हेंबरात इथे रेषा नसतात. धूर आणि धुकं यांचा असा काही काला होतो की डॉक्टर म्हणतात म्हाताऱ्यांनी बाहेर पडू नका. खिडक्या बंद, फिरणं बंद, घरात हवा शुद्ध करणारं यंत्र घरघरतं आहे, आणि मी काचेपाशी बसून बघते आहे. समोरची सोसायटी अर्धी आहे, अर्धी नाही. अशोकाची झाडं म्हणजे नुसते हिरवट-राखाडी डाग, एकात एक मिसळलेले. मेट्रो गेली ती कुणी ओल्या बोटाने फासल्यासारखी. मला एकदम हसू आलं. म्हटलं, बाई गं, यात रेषा आहेच कुठे जी तुला काढता येत नाही?

उठून रद्दीखालून डबी काढली. पट्टी आतल्या कपाटात ठेवून आले, म्हणजे मोह नको. कागदावर नुसतं स्वच्छ पाणी फिरवलं, चांगला ओलाचिंब केला. निळा आणि तपकिरी कालवला की राखाडी होतो हे मला तुमच्या बशीवरून माहीत होतं. तो ब्रशवर घेतला आणि ओल्या कागदावर टेकवला. हात थरथरला. पण कागद ओला होता, त्यामुळे ती थरथर पाण्याने पसरवून टाकली, तिची कड राहिलीच नाही. झाड झालं. खरंच झाड झालं, नाना, धुक्यातलं! दुसरीकडे टेकवला, दुसरं झालं. इमारतीच्या जागी एक चौकोनी ओला डाग. एका ठिकाणी रंग फार पडला तर जुन्या मलमलीच्या फडक्याने हलकेच टिपला, तिथून सूर्य निघाला, दिल्लीच्या नोव्हेंबरातला, चंद्रासारखा फिका. पंधरा मिनिटांत खिडकीतली दिल्ली वहीत उतरली होती आणि मला मान अवघडलेली जाणवली नाही. जाणवलं ते हे की इतका वेळ मी हाताकडे बघितलंच नव्हतं.

त्या हिवाळ्यात मी एकटीच शिकत गेले. मोबाइलवर शिकवणारे ढीगभर आहेत, पण ते फार भराभर करतात, म्हणून मी माझ्या पद्धतीने करून बघायची. ब्रश जवळजवळ कोरडा करून खरबरीत कागदावरून ओढला की रंग तुटक तुटक लागतो, आणि माझ्या हाताने तो इतका सुंदर तुटतो की कडुनिंबाची पानं वेगळी काढावी लागत नाहीत. ओल्या रंगावर चिमूटभर जाडं मीठ टाकलं की प्रत्येक खड्याभोवती चांदणी उमलते. वरून गडद आणि खाली येताना ब्रशात नुसतं पाणी वाढवत नेलं की संध्याकाळचं आकाश होतं, आणि त्यासाठी बोर्ड उतरता लागतो. मी पोळपाट लावते. मला अडवायला आता घरात कुणी नाही, मी पोळ्या नंतर लाटते.

थांबणं मात्र मला चुलीने शिकवलं. धिरडं तव्यावर घातलं की मध्ये उलथनं घालायचं नाही, कडा आपण होऊन सुटायला लागतात, वरची चमक जाते, तेव्हा उलटायचं. कागदाचंही अगदी तसंच. तिरकं होऊन बघायचं, चमकतो आहे तोवर रंग सोडा, कसाही सोडा. चमक मावळायला लागली की हात मागे. मधल्या त्या वेळात मी खिडकीशी उभी राहून श्वास मोजते. त्या दोन मिनिटांसाठीच मी रंगवते की काय, असं मला कधी कधी वाटतं. आणि हो, त्या मधल्या वेळात मुद्दाम हात घालूनही बघितला. तो फुलकोबीचा गड्डा मी आता हवा तेव्हा फुलवते. त्यातून बहरलेलं झाड फार छान निघतं. पहिल्यांदा मुद्दाम फुलवला त्या दिवशी मी घरात एकटीच टाळ्या वाजवल्या.

टाळ्या भाभीजींना ऐकू गेल्या. बेल वाजवून आत आल्या, टेबलावरची चित्रं एकेक करून बघितली, मग म्हणाल्या, "ये सब आपने? और हमसे कहती रहीं कि व्रत है!" मी चहा टाकला आणि हात दाखवला. पहिल्यांदा कुणाला तरी दाखवला. त्यांनी तो आपल्या हातात धरला, हलतो कसा ते शिक्षिकेसारखं बघितलं, आणि दुसऱ्याच दिवशी सोसायटीच्या कम्युनिटी हॉलबाहेर सूचना लावून आल्या: दर मंगळवारी दुपारी चार वाजता, पाण्याच्या रंगांचा वर्ग, ज्यांना काहीच येत नाही त्यांच्यासाठी. शिकवणार कोण, तर मी. मी फोन करून म्हटलं, मला ताप आहे. "कितना?" त्यांनी विचारलं. मला आकडा सुचेना. तेव्हा त्या म्हणाल्या, "देखिए, हाथ काँपता है तो काँपने दीजिए. आपको रंग लगाना है, किसी का ऑपरेशन थोड़े ही करना है."

तरी काल दुपारी साडेतीन वाजता मी साडी नेसून खुर्चीत बसले होते आणि उठत नव्हते. मला तुमचं ते कपाटांच्या मधलं टेबल दिसत होतं. आज गेले नाही तर मीही यापुढे हवा चांगली आहे म्हणत घरात बसणार, हे मला स्वच्छ कळत होतं. कुणी जबरदस्ती करणार नाही. भाभीजी दोन दिवस फुगतील आणि विसरतील. मुलगी म्हणेल, "चलो, ठीक आहे." आणि मग माझे उपास सुरू. मी उठले. पोळपाट पिशवीत घातला आणि खाली गेले.

अकरा जण होते. सगळे साठीच्या पुढचे, सगळे हात मांडीवर घेऊन, इंजेक्शनच्या रांगेत बसावं तसे. त्यात मागच्या ब्लॉकमधले इंजिनिअरसाहेब, धरणांच्या खात्यातून रिटायर झालेले. त्यांनी मोठ्याने विचारलं, "मैडम, ये तो बच्चों वाला काम नहीं है?" भाभीजी म्हणाल्या, "तभी तो आपको बुलाया है." हसले सगळे. मी बोर्ड पोळपाटावर टेकवला, कागद ओला केला, ब्रश उचलला, आणि हात असा काही थरथरायला लागला की ब्रशातलं पाणी थेंब थेंब टेबलावर पडलं. माझा डावा हात आपोआप पदराकडे गेला. मग मी ब्रश खाली ठेवला, उजवा हात टेबलावर सपाट ठेवला, सगळ्यांना दिसेल असा, आणि म्हटलं, "ये हाथ मेरे पिताजी का है. वो नक्शे बनाते थे. जाते-जाते मुझे दे गए." काय बोलले ते मला बोलून झाल्यावर कळलं. पन्नास वर्षांत पहिल्यांदा तुमचा हात खिशाबाहेर आला, नाना, आणि कुणालाही काही वाटलं नाही. एक बाई नुसत्या म्हणाल्या, "मेरा घुटना मेरी माँ का है." आणि वर्ग सुरू झाला.

इंजिनिअरसाहेबांनी खिशातून काय काढावं? पट्टी. मी म्हटलं, "भाईसाहब, ये अंदर." ते म्हणाले, "बिना लाइन के पता कैसे चलेगा, रुकना कहाँ है?" मी म्हटलं, "पानी बता देगा." नाराजीनेच आत ठेवली. पण त्यांनी आकाश फार देखणं भरलं, धार अगदी न तुटता तळापर्यंत आणली, मी सगळ्यांना उचलून दाखवलं. मी पाठ वळवली तेवढ्यात त्यांना वर कुठेतरी फिकी जागा दिसली. वळून बघते तो ब्रश टेकलेला, डाग फुलतो आहे, आणि ऐंशीला आलेला तो माणूस रुमालाने तो पुसायला बघतो आहे, कान लाल. "खराब हो गया," हळूच म्हणाले. "मुझसे ये होगा नहीं."

माझ्या जिभेवर तुमचं वाक्य तयार होतं, नाना. शब्दन्‌शब्द. मी ते गिळलं. त्यांच्या हातातला रुमाल काढून घेतला, त्यांच्या ब्रशने त्याच डागाच्या कडेला आणखी दोन थेंब सोडले, माझ्या या हाताने, सगळे भोवती उभे असताना. थेंब भलतीकडेच पडले. त्यांच्याभोवती रंग मागे सरकला, कातरलेल्या कडा आणखी पसरल्या, आकाशात एक मोठा पांढुरका बहर उभा राहिला. मग त्याच्याखाली कोरड्या ब्रशाने एक खोड ओढलं, वाकडंतिकडं, कारण सरळ मला येतच नाही आणि झाडालाही येत नाही. इंजिनिअरसाहेब कागदाकडे बघत राहिले. "अरे," ते म्हणाले. "ये तो सेमल है." म्हणजे आपली काटेसावर, कापूस फुटलेली. आणि मग सगळेच ओल्यात परत हात घालायला लागले. भाभीजींनी तर अख्खी बाग उठवली. साडेपाचला चौकीदार हॉलला कुलूप लावायला आला तर कुणी उठेना. वरच्या मजल्यावरच्या एक बाई जाताना म्हणाल्या की दीड तासात त्यांनी एकदाही मोबाइल बघितला नाही. अकरा चित्रं मी भिंतीला चिकटवून आले. घरी येऊन कपभर चहा केला, पूर्ण भरून, आणि बशीत सांडलेला बशीतून प्याले.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, त्यामुळे एक गोष्ट इथेच कबूल करून टाकते. काल निघताना इंजिनिअरसाहेबांनी विचारलं, हे तुम्हाला कुणी शिकवलं, आणि मी बेधडक सांगितलं, "पिताजी ने. वो कहते थे, बिगड़ जाए तो पेड़ बना दो." तुम्ही असं कधीच म्हणाला नाहीत. तुम्ही काय म्हणालात ते आपल्या दोघांनाच ठाऊक आहे. पण आज सकाळी दुधाच्या बूथवर ते साहेब कुणाला तरी माझं हे वाक्य तुमच्या नावाने ऐकवत होते, भाभीजींनी ते सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं आहे, आणि मुलीने फोन करून विचारलं, "आई, आजोबा इतके कूल होते?" मी म्हटलं, हो, फार प्रेमळ होते शिकवताना, बिघडलं तरी कधी रागवायचे नाहीत.